आईचा टीव्ही आणि आमच्या कंपनीचं कुलूप

सिडकोतल्या आमच्या रो-हाउसची आणि शेजारच्या मावशींच्या, म्हणजे आमच्या खालांच्या, घराची भिंत एकच आहे. बांधणाऱ्यानं विटा वाचवल्या असं बाबा म्हणतात, आणि गेली कित्येक वर्षं म्हणत आलेत. आमच्याकडे फोडणी पडली की खालांना ठसका लागतो. त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली की आमची आई गॅस बंद करायला उठायची. मला स्वतःला त्या भिंतीचा राग यायचा, कारण मी घरूनच काम करते आणि खालांचा मुलगा वाळूजच्या कारखान्यातून पाळी संपवून आला की मोटरसायकल बंद करायच्या आधी उगाच एकदा रेस करतो. पण आईच्या आजारपणानंतर मी त्या भिंतीला नावं ठेवायचं सोडलं.

आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं बरंचसं गेलं. ‘हं’, ‘नको’, ‘लाव’, ‘ये’ असे मोजके शब्द राहिले, आणि तेही हवे तेव्हा तोंडात येतील याचा भरवसा नाही. वाचणंही गेलं. पेपर पहिल्या पानापासून भाड्याने देणे-घेणेच्या जाहिरातींपर्यंत वाचून काढणारी बाई ती, तिला अक्षरं म्हणजे नुसत्या रेघा दिसायला लागल्या. फोन लावून कुणाशी बोलायचा प्रश्नच मिटला.

टीव्ही मात्र तिला लावता यायचा. तो टीव्ही बाबांनी केबलचा धंदा विकला तेव्हा हौसेनं घेतलेला. इंटरनेटवर चालणाऱ्या टीव्हींच्या पहिल्या पिढीतला, पाठीमागून चांगला जाडजूड. त्याचा रिमोट आजही प्लास्टिकच्या पिशवीत असतो आणि वर रबरबँड असतो. आईला त्यावरचं काही वाचता येत नसे, पण डाव्या हाताच्या अंगठ्याला जागा पाठ झाल्या होत्या. कोपऱ्यातलं बटण दाबलं की टीव्ही सुरू. मधलं मोठं दाबलं की कार्यक्रम सुरू. त्याच्या खालचं लांबट बटण वर ढकललं की आवाज मोठा. त्या टीव्हीचा गुण असा की काल जिथं बंद केला तिथंच आज उघडायचा, आणि आईच्या बाबतीत ते ठिकाण एकच होतं, दुपारचा स्वयंपाकाचा कार्यक्रम.

त्या कार्यक्रमाच्या सुरुवातीला ढोलकी वाजते. आई जेवण, औषध उरकून खुर्चीत बसली की टीव्ही लावायची आणि त्या ढोलकीचा आवाज एवढा वाढवायची की कपाटातली भांडी थरथरायची. मग भिंतीपलीकडून खाला ओरडायच्या, “आली ताई, आली!” आणि निवडायची भाजी घेऊन त्या यायच्या. दोघी मिळून त्या टीव्हीतल्या बाईच्या चुका काढायच्या. म्हणजे बोलायच्या खालाच, आईच्या वाटणीचंसुद्धा त्याच बोलायच्या. “बघ ताई, दालचिनी किती टाकली! सालन है के काढा?” आई हसून हसून लाल व्हायची. हसणं तिचं अजिबात कमी झालेलं नव्हतं.

खाला एरवीही आल्याच असत्या, त्या काय परक्या आहेत का. पण आईला तसं चालायचं नाही. कुणी आपणहून डोकावलं, की ते आजारी बाईला बघायला आलेलं माणूस. ढोलकी वाजल्यावर आलं, तर ते तिनं बोलावलेलं माणूस. दिवसभरात आम्ही तिला उठवायचो, भरवायचो, अंघोळ घालायचो. स्वतःच्या मर्जीनं, कुणाला न विचारता तिनं करायचं असं हे एकच काम उरलं होतं, मैत्रिणीला बोलावणं.

आता माझ्या कामाबद्दल सांगते. पुण्यातली एक लहानशी कंपनी आहे, मराठी नाटकं, कीर्तनं, मुलाखती, स्वयंपाकाचे कार्यक्रम फोनवर आणि टीव्हीवर दाखवणारी. आईचा ढोलकीवाला कार्यक्रमही आमचाच. कुठल्या फोनवर, कुठल्या टीव्हीवर आमचं अॅप नीट चालतं आणि कुठं अडतं हे तपासायचं काम माझं. वरच्या खोलीत जुने फोन, टीव्हीला जोडायचे डबे, रिमोट यांची रास पडलेली असते. बाबा तिला भंगाराचं दुकान म्हणतात आणि अधूनमधून भंगारवाला आल्याची खोटीच वर्दी देतात.

झालं असं, की आमच्याकडची नवी नाटकं चोरीला जायला लागली. आज आम्ही नाटक लावावं आणि उद्या ते फुकटात सगळ्यांच्या फोनवर फिरावं. नाटकवाले चिडले. त्यांचंही बरोबर होतं, त्यांची पोटं त्याच्यावर आहेत. त्यांनी सांगितलं की कुणाला नक्कल काढता येणार नाही असं पक्कं कुलूप लावा, नाहीतर यापुढे आमचं नाटक विसरा. नव्या टीव्हीत हे कुलूप आतल्या चिपमध्येच बसवलेलं येतं, सहजासहजी निघत नाही. जुन्या टीव्हीत ते नुसतं वरून लावलेलं असतं, येणाऱ्या-जाणाऱ्यानं काढावं असं. म्हणून बैठकीत ठरलं, की ज्यात नवं कुलूप बसत नाही अशा सगळ्या जुन्या उपकरणांवर आपलं अॅप बंद करायचं.

आईचा टीव्ही त्यात जाणार हे मला तिथंच कळलं. पण मी विरोध केला नाही, मी काही त्यागमूर्ती नाही. मला वाटलं, बरं झालं, त्या निमित्तानं तो खोका घरातून जाईल. मी नवा टीव्ही मागवला आणि बाबांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. त्यांना त्यातलं काही पटलेलं नव्हतं, हे नंतर कळलं.

नवा टीव्ही यायच्या आधीच कुलूप लागलं. दुपारी आईनं कोपऱ्यातलं बटण दाबलं, मधलं दाबलं. ढोलकी वाजली नाही. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ आली, ‘आपले उपकरण यापुढे समर्थित नाही.’ आईला त्या नुसत्या रेघा. तिनं पुन्हा दाबलं. आवाज वाढवला. मग रिमोट मांडीवर आपटून पुन्हा दाबलं.

बाबांनी चष्मा लावून ओळ वाचली. “समर्थित म्हंजी काय?” त्यांनी मला विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत पक्कड खिशात घालून ते गच्चीवर गेलेसुद्धा. उभं आयुष्य केबल ओढण्यात गेलेला माणूस. चित्र गेलं की दोष वरच्या वायरीत, ही त्यांची पक्की समजूत. आमच्याकडे इंटरनेटची तार खालून येते आणि गच्चीवरच्या एकाही वायरीचा त्या टीव्हीशी काडीचा संबंध नाही, हे मी जिन्यातून ओरडून सांगत होते. पण वरून त्यांनी त्यांची जुनी हाळी दिली, “आलं का?”

आणि कमाल अशी, की खालांनी अंगणात येऊन उत्तर दिलं, “नाय आलं!”

“आता?”

“नाय!”

“आता बघ!”

समोरच्या घरातून कुणीतरी खिडकी उघडून सांगितलं, “काका, आमचं गेलं!” बाबांनी समोरच्यांची वायर आपली समजून सोडवली होती. आमच्या गल्लीत कुणाची वायर कुणाच्या कठड्यावरून गेली आहे हे आता देवालाही सांगता येणार नाही. समोरच्यांकडे क्रिकेटचा सामना चालला होता. बाबांनी ती वायर परत जोडेपर्यंत गल्लीभर हसणं चाललं होतं आणि मीही हसत होते. आत येऊन पाहिलं तर आई टीव्हीकडं पाठ करून भिंतीकडं तोंड करून बसली होती.

नवा टीव्ही आला. पातळ, भला मोठा, देखणा. तो हॉलमध्ये भिंतीवर लावला, जुना त्याच्याखाली तसाच राहिला. आईनं बटण दाबलं तर त्यानं आधी दुकान मांडलं. हा सिनेमा बघा, ती मालिका बघा, अमुक विकत घ्या. सगळी चौकोनी चित्रं रोज जागा बदलणारी. आमचा कार्यक्रम कधी दुसऱ्या ओळीत तर कधी पार खाली. वाचता येणाऱ्या माणसालाही शोधावा लागतो, तर आईनं काय करावं. रिमोट बोटभर लांब, गुळगुळीत, बटणं सगळी सारखी. आईचा अंगठा त्यावरून घसरायचा. भलतंच काहीतरी लागायचं, एकदा तर बंदुकांचा धडाका सुरू झाला आणि तिनं रिमोट फेकून दिला.

मग बाबांनी पैठण गेटला जाऊन जुन्या टीव्हीला मागून लावायची, नवी अॅप चालवणारी एक काडी आणली. ती लावल्यावर दोन दिवस बरं चाललं असं वाटलं. पण वीज गेली की टीव्ही त्या काडीला विसरायचा, आणि आमच्याकडे वीज जाते. मग परत बटणांची नवी वाट. आईला प्रत्येक वेळी कुणाला तरी हाक मारावी लागायची, आणि हाक मारायला शब्द नव्हते.

“मी लावून देत जाईन ना रोज,” मी म्हटलं. आई म्हणाली, “नको.” हा शब्द मात्र अगदी स्वच्छ आला.

खाला न बोलावता यायला लागल्या. “क्या ताई, कसं आहे आज?” असं विचारायच्या. आई ‘हं’ म्हणायची आणि डोळे मिटून घ्यायची. खालाही बिचाऱ्या अवघडायच्या. थोडा वेळ बसून, माझ्याकडे बघून मान हलवून जायच्या. मला फार वाईट वाटायचं आणि वाईट वाटलं की मी चिडते, तशी मी दिवसभर सगळ्यांवर चिडलेली असायचे. आई मात्र रोज दुपारी जुन्या टीव्हीचं बटण दाबून बघायची. रोज तीच काळी पाटी. ती बघवत नसे म्हणून मी त्या वेळेला वर जाऊन बसायचे.

एक दिवस जेवताना बाबा म्हणाले, “लई हुशार तुमचे लोक. चोर धरायला निघाले अन् घरच्यांनाच बाहेर कोंडलं.”

मी भडकले. म्हटलं, “बाबा, तुमच्या धंद्यात नव्हते का चोर? वायरीवर आकडे टाकून फुकट बघणाऱ्यांच्या मागं पक्कड घेऊन पळायचात तेव्हा काय करत होतात?”

“व्हय, पळायचो. ज्यानं आकडा टाकला त्याचीच वायर कापायचो. अख्ख्या गल्लीची नाय.”

“इथं गल्ली आणि चोर वेगळे काढता येत नाहीत. जुन्या टीव्हीतून कुणीही नाटक उचलू शकतो.”

“मंग नाटक नका दाखवू त्याच्यावर. भाजी कशी करायची ते बी चोरतं का कोणी?”

त्यांना काही समजत नाही असं म्हणून मी ताट घेऊन उठले. भांडी घासताना मात्र हात थांबला. कारण मला त्यांचा जुना नियम आठवला. मी शाळेत असताना सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर घरोघरी फिरायचे. तेव्हा काही घरांत डायलचे जुने टीव्ही होते, त्यांच्यावर मोजकेच चॅनल दिसायचे, पुढचे त्यांच्या हद्दीबाहेर. बाबा बातम्या, मराठी आणि देवाधर्माचं सगळं सुरुवातीच्या जागांवर बसवायचे, म्हणजे जुन्या टीव्हीवाल्या म्हाताऱ्यांना ते मिळावं. सिनेमे, इंग्रजी, नवं नवं सगळं वरच्या जागांवर. ज्याला ते हवं त्यानं नवा टीव्ही घ्यावा. यात मोठा परोपकार वगैरे नव्हता, म्हातारं माणूस वर्गणी वेळेवर देतं असा त्यांचा रोखठोक हिशेब होता. पण त्यामुळं कुणाचा टीव्ही एका सकाळी मुका झाला नाही.

मी हात पुसले आणि वर जाऊन आमच्या सरांना फोन लावला. सर म्हणजे माझ्याहून वयानं लहान, पण कंपनी त्यांनी स्वतः उभी केलेली. मी म्हटलं, सगळ्याला एकच कुलूप कशाला? नवी नाटकं दुसऱ्यांची, त्यांच्यावर पक्कं कुलूप ठेवू, ती जुन्या टीव्हीवर दिसणार नाहीत. पण स्वयंपाक, कीर्तनं, मुलाखती आपल्या स्वतःच्या आहेत. त्या जुन्या टीव्हीवर साध्या चित्रात चालू ठेवू.

सर म्हणाले, “एकदा दार किलकिलं ठेवलं की तिथूनच गळतं. आणि जुन्या टीव्हीचं बघत बसायला माणूस कुठून आणू?”

“मी बघते,” मी म्हटलं.

“तुमच्या आईंसाठी करताय ना हे?” त्यांनी सरळ विचारलं.

“हो,” मीही सरळ सांगितलं. “आईसाठीच करतेय. पण जुना टीव्ही असलेली माझी आई एकटीच आहे असं तुम्हाला वाटतं का? तक्रारी वाचा.”

त्यांनी त्या वाचल्या असाव्यात. चार दिवसांनी त्यांचा निरोप आला, की करून बघा, दिवाळीपर्यंत चालवू, एक जरी नाटक त्या वाटेनं फुटलं तर त्याच दिवशी बंद.

काम सोपं नव्हतं. जुन्या टीव्हीतलं अॅप म्हणजे एक छोटंसं पान असतं, ते पुण्यात बदललं की घराघरांत बदलतं, एवढी एक गोष्ट आमच्या बाजूची होती. पण तो टीव्ही म्हणजे माझ्या भंगाराच्या दुकानातलाही सगळ्यात हट्टी प्राणी. नाटकं काढली तर चित्रांच्या जागी भोकं दिसायची. कार्यक्रम लागला तर आवाज पुढं आणि ओठ मागं. बाबा जिन्यातून चौकशी करायचे, “आलं का?” आणि मी वरून ओरडायचे, “नाय आलं!” पण त्या दिवसांत माझी चिडचिड कमी झाली होती. काहीतरी करता येतंय म्हटल्यावर मला जेवणही गोड लागायला लागलं.

मी एक हट्ट धरला होता. टीव्ही उघडल्यावर पाटी नको, निवड नको, ‘पुढे जाण्यासाठी ओके दाबा’ नको. काल होता तिथंच उघडला पाहिजे. आमच्यातला एक जण म्हणाला, निदान ‘आपल्या उपकरणावर काही कार्यक्रम दिसणार नाहीत’ अशी सूचना तर देऊ. मी म्हटलं, द्या, पण कार्यक्रमाच्या शेवटी द्या. ज्याला वाचायचं तो वाचेल, आणि ज्याला वाचता येत नाही त्याची वाट अडणार नाही. हे त्यांनी मान्य केलं.

बदललेलं पान सगळीकडे सोडलं त्या दिवशी मी घरात कुणाला काही सांगितलं नाही. नाही चाललं तर आईची दुसऱ्यांदा निराशा नको. दुपारी आमची बैठक होती. मी वर लॅपटॉपसमोर बसले होते आणि सर विचारत होते, की हे खरंच कुठं चालतंय का, कुणी पाहिलंय का. मी माझ्या खोलीतल्या तपासण्यांचं सांगायला तोंड उघडलं, आणि खालून ढोलकी वाजली.

आधी हळू. मग मोठी. मग अशी मोठी की माझ्या टेबलावरच्या कपातला चमचा वाजायला लागला.

“कसला आवाज येतोय?” सरांनी विचारलं. “माइक बंद करा जरा.”

मी माइक बंद केला नाही. म्हटलं, “सर, ऐका.” सर ऐकत राहिले. त्यांना त्यांची ढोलकी ओळखू आली. भिंतीपलीकडं काहीतरी खाली पडलं, बहुतेक परात, आणि खाला ओरडल्या, “आली! आली ताई! अगं कम कर, पूरी गल्ली ने सुन लिया!” त्यांच्या चपला वाजल्या, आमचं फाटक वाजलं.

“कुठल्या टीव्हीवर?” सरांनी विचारलं.

मी सांगितलं. मग सर म्हणाले, “जा, बघून या. आम्ही थांबतो.”

मी धावत खाली गेले. चित्र जरा फिकं होतं, पण ओठ आणि आवाज बरोबर चालले होते. खाला टेकायच्या आतच सुरू झाल्या होत्या, “हिने तर तेल बघ किती ओतलं!” आई ताठ बसली होती, रिमोट मांडीवर, चेहरा यजमानिणीसारखा. बाबा दारात उभे होते आणि त्यांचे डोळे भरले होते. मी पुढं होऊन विचारलं, “आई, आवाज कमी करू? काही हवंय का? उशी देऊ पाठीला?”

आईनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्या आणि टीव्हीच्या मध्ये उभी होते. तिनं डावा हात उचलून मला बाजूला केलं, तोंडाशी येत नसलेला शब्द शोधला, आणि झटक्यानंतर एकदाही न उच्चारलेला शब्द स्पष्ट म्हणाली, “जा.”

मी गेले. जिन्यात बसून पोटभर रडले, मग तोंड धुतलं आणि वर जाऊन सरांना सांगितलं की चालतंय.